डे मॉइनचं भाषण

१३ नोव्हेंबर १९६९ च्या संध्याकाळी स्पायरो अ‍ॅग्न्यू डे मॉइनमध्ये रिपब्लिकन कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात बोलायला उभा राहिला. अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष आयोवासारख्या मक्याच्या राज्यात येऊन आपल्याच पक्षाच्या मंडळींसमोर बोलतो, यात एरवी बातमी होण्यासारखं काही नाही. पण त्या संध्याकाळी एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तिन्ही नेटवर्कनी ते भाषण थेट दाखवलं, आणि भाषण होतं या तिघांच्याच विरोधात. दहा दिवसांपूर्वी राष्ट्राध्यक्ष निक्सनने व्हिएतनामबद्दल देशासमोर आपली बाजू मांडली होती. त्याचं बोलणं संपतंय न संपतंय तोच टीव्हीवरची विद्वान मंडळी चिरफाड करायला बसली, हा अ‍ॅग्न्यूचा राग होता. ही मूठभर माणसं न्यूयॉर्क-वॉशिंग्टनमध्ये राहतात, एकमेकांचंच लिहिलेलं वाचतात, त्यांना कुणी निवडून दिलेलं नाही, आणि रोज रात्री चार कोटी लोकांनी काय पाहायचं ते मात्र हीच ठरवतात, असा एकंदर सूर. भाषण लिहिलं होतं पॅट ब्यूकॅनन नावाच्या एकतीस वर्षांच्या पोराने. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

अ‍ॅग्न्यू काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. चारच वर्षांनी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, करचुकवेगिरीच्या प्रकरणात त्याला उपराष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलं. पण वकील लबाड निघाला म्हणून अशिलाची तक्रार खोटी ठरत नाही. मी डे मॉइनच्या उत्तरेला, तासाभराच्या आतल्या अंतरावर राहते, आणि त्या भाषणातली वाक्यं इथे आल्यापासून ऐकते आहे. कधी पेट्रोल भरताना, कधी शाळेच्या कुस्तीच्या सामन्यांत, कधी चर्चच्या पॅनकेकच्या न्याहारीला. बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांना अ‍ॅग्न्यू कोण ते सांगता यायचं नाही. वाक्यं मात्र तीच.

आमच्या परसाला लागून ज्यांचं शेत आहे, त्यांना आम्ही घरात ‘आप्पा’ म्हणतो. त्यांना हे माहीत आहे आणि ते हाकेला ओही देतात. वय अठ्ठ्याहत्तर, कट्टर कन्झर्व्हेटिव्ह, बंदुका तीन, नातवंडं सात. मी इथल्या एका बियाण्यांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं, त्यामुळे मक्यावर आमचं जमतं. राजकारणावर जमत नाही, पण बोलणं थांबत नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना याचं नवल वाटतं. गणपतीच्या जेवणावळीत ‘हे गावठी ट्रम्पवाले’ असा उल्लेख हमखास होतो. तो करणारा गृहस्थ टॅक्स, मुलांची शिस्त, मुलीने रात्री किती वाजता घरी यावं, या सगळ्या बाबतीत आप्पांच्या चार पावलं उजवीकडे असतो, ही गोष्ट वेगळी.

ऑक्टोबरात कुणी कंबाइनमध्ये, म्हणजे कापणी-मळणीच्या यंत्रात, बसायला बोलावलं तर नाही म्हणू नये. चालवणाऱ्याच्या शेजारी एक चिमुकली सीट असते. समोर काचेपलीकडे मक्याच्या ओळी आत ओढल्या जात असतात, उजव्या हाताच्या पडद्यावर दाण्यातला ओलावा आणि एकरी उतारा पळत असतो, आणि डोक्यावरच्या रेडिओत डब्ल्यूएचओ, १०४० एएम. पन्नास हजार वॅटचं केंद्र, रात्री तर कितीतरी राज्यांत ऐकू जातं. शिकागोच्या बाजारातले भाव, हवामान, मग राजकारण. आप्पा भाव निघाले की आवाज वाढवतात आणि राजकारण सुरू झालं की आणखी वाढवतात.

याच डब्ल्यूएचओवर १९३३ ते १९३७ या काळात रोनाल्ड रेगन नावाचा तरुण खेळांचं समालोचन करायचा. शिकागो कब्जचे बेसबॉलचे सामने तो डे मॉइनमध्ये बसून ‘पाहायचा’. म्हणजे तारेने त्रोटक खुणा यायच्या, आणि त्यावरून हा मैदान, ऊन, गर्दी, सगळं उभं करायचा. एकदा ऐन सामन्यात तार तुटली. पठ्ठ्याने सांगितलं नाही. बॅटरला एकामागून एक फाउल मारायला लावले, ते थेट तार पुन्हा जुळेपर्यंत. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही तो हा किस्सा खुशीत सांगायचा आणि लोक खळखळून हसायचे. मला तो जरा जास्तच बोलका वाटत आला आहे. इतक्या हसतखेळत न घडलेलं सांगणारा माणूस पुढे रेडिओचे नियम ठरवण्याच्या जागी गेला, एवढंच नोंदवते.

नियम असा होता. १९४९ पासून ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ नावाचं धोरण लागू होतं. हवेतली लहर ही जनतेची मालमत्ता, तेव्हा परवाना घेतलेल्या केंद्राने वादग्रस्त विषय हाताळावेत आणि त्यांच्या दोन्ही बाजू द्याव्यात. ऐकायला छान. व्यवहारात काय झालं, तर दुसरी बाजू द्यायची कटकट नको म्हणून पुष्कळ केंद्रांनी वादाच्या विषयांनाच हात लावायचं सोडलं. जून १९८७ मध्ये काँग्रेसला या धोरणाचा कायदा करायचा होता, रेगनने नकाराधिकार वापरला, आणि ऑगस्टमध्ये दळणवळण आयोगाने धोरणच मोडीत काढलं. वर्षभरात, १ ऑगस्ट १९८८ ला, रश लिंबॉ नावाचा उजव्यांचा रेडिओबहाद्दर देशभर ऐकू येऊ लागला.

त्यामागे धंद्याचं गणितही होतं, ते आमच्याकडच्या चर्चांत कधी येत नाही. गाणी एव्हाना एएमवरून एफएमवर निघून गेली होती, कारण तिथे आवाज स्वच्छ येतो. गावोगावची एएम केंद्रं ओस पडत चालली होती. लिंबॉचा कार्यक्रम त्यांना जवळपास फुकट मिळायचा, बदल्यात जाहिरातीची काही मिनिटं द्यायची. भर दुपारचे तीन तास भरून निघाले. ट्रॅक्टरवर, ट्रकमध्ये, दुकानाच्या गल्ल्यावर दुपारी तीन तास मोकळा कान असलेला माणूस कोण? ज्याच्यासाठी टीव्हीवर कुणी काही बोलत नव्हतं, तोच.

मी लिंबॉ बराच ऐकला आहे, प्रयोगशाळा ते चाचणीचे प्लॉट या रस्त्यावर. तो विनोदी होता, हे त्याला न ऐकलेल्या लोकांना पटत नाही. स्त्रीवाद्यांना त्याने चिकटवलेला ‘फेमिनाझी’ हा शब्द ऐकून माझं टाळकं सणकायचं, आणि तरी मी केंद्र बदलायचे नाही. तो आपल्या श्रोत्यांना शहाणे समजायचा, किंवा तसं भासवायचा. नॅशनल पब्लिक रेडिओवरची मंडळी मात्र त्याच श्रोत्यांबद्दल बोलताना एखाद्या दुर्मिळ जमातीच्या अभ्यासाला निघाल्यासारखी बोलायची. माझी मतं दुसऱ्या बाजूची असूनही मला हे जाणवायचं, मग आप्पांना काय वाटत असेल?

आप्पांचं आणि टीव्हीचं बिनसलं ते मात्र रश लिंबॉच्या वीस वर्षं आधी. १९६८ मध्ये ते व्हिएतनाममध्ये, लाँग बिन्हच्या अमेरिकन तळावर ट्रक चालवत होते. ३० जानेवारीच्या रात्रीपासून उत्तर व्हिएतनाम आणि व्हिएतकाँगने शंभरावर शहरा-गावांवर एकाच वेळी हल्ले चढवले. व्हिएतनामी नववर्षाचे दिवस, म्हणून ‘टेट’चा हल्ला. लाँग बिन्हचा दारूगोळ्याचा साठा उडाला तेव्हा आप्पा एका टँकरखाली पालथे पडले होते. त्या रात्रीबद्दल ते एवढंच सांगतात. पुढचं सगळं सांगणं टीव्हीबद्दल असतं.

सायगॉनच्या अमेरिकन वकिलातीवर हल्ला झाला, आणि हल्लेखोर मुख्य इमारतीत शिरल्याची बातमी पहिल्या काही तासांत जगभर गेली. प्रत्यक्षात ते आवारातच अडकले आणि तिथेच मारले गेले. सैन्याच्या हिशेबाने टेटमध्ये व्हिएतकाँगचं कंबरडं मोडलं. ज्या उठावाची त्यांना आशा होती तो झाला नाही, घेतलेली शहरं हातची गेली. पण घरोघरच्या पडद्यावर जे दिसलं तो होता अमेरिकेचा पराभव. २७ फेब्रुवारीला सीबीएसच्या वॉल्टर क्रॉन्काइटने स्वतः व्हिएतनामहून परतून सांगितलं की हे युद्ध कोंडीत रुतलं आहे. आप्पांच्या आईने ते पाहिलं आणि मुलाला पत्र लिहिलं, की तुम्ही हरताय असं टीव्हीवर सांगतात, तू जपून राहा. ‘आम्ही जिंकलो होतो, आणि माझ्या आईला टीव्हीने उलटं सांगितलं,’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की त्यात कुठे श्वास घेतात तेही मला ठाऊक आहे.

ही नुसती उजव्यांची कुरकुर नाही. पीटर ब्रेस्ट्रप हा त्या काळात वॉशिंग्टन पोस्टचा सायगॉनमधला प्रमुख. त्याने १९७७ मध्ये दोन जाडजूड खंडांत टेटच्या बातम्यांचा कीस पाडला आणि निष्कर्ष काढला तो साधारण आप्पांचाच. घाईत, धक्क्यात, सायगॉनमधल्या धुरावरून सगळ्या देशाचा अंदाज बांधत पत्रकारांनी चित्र चुकवलं, आणि धूर निवल्यावरही ते दुरुस्त केलं नाही.

इथपर्यंत मी आप्पांच्या बाजूची. पण ‘पत्रकारांनी युद्ध हरवलं’ हे जे त्याचं पुढचं टोक आहे, तिथे मी थांबते. गॅलप या मतचाचणी संस्थेने ऑक्टोबर १९६७ मध्ये विचारलं होतं, व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणं ही चूक होती का? सत्तेचाळीस टक्के लोक हो म्हणाले, चव्वेचाळीस नाही. म्हणजे टेटच्या तीन महिने आधी, क्रॉन्काइटच्या चार महिने आधी. जसजशा शवपेट्या गावात यायला लागल्या तसतसं मत फिरत गेलं, आणि शवपेटी यायला टीव्ही लागत नाही. शिवाय टेटचा धक्का एवढा मोठा का बसला? नोव्हेंबर १९६७ मध्ये जनरल वेस्टमोरलंडला मुद्दाम वॉशिंग्टनला आणून ‘शेवट दृष्टिपथात येतोय’ असं वदवून घेतलं होतं म्हणून. सरकारने दोन महिन्यांपूर्वी गोड गोड सांगितलं नसतं तर लोक एवढे हबकले नसते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन म्हणाला, ‘क्रॉन्काइट गेला म्हणजे देश गेला’, ही गोष्ट तर दोन्ही बाजू चवीने सांगतात. डावे पत्रकारितेचा महिमा म्हणून, उजवे पुरावा म्हणून. त्या रात्री जॉन्सन टेक्सासात, गव्हर्नर कॉनलीच्या वाढदिवसाच्या समारंभात होता. त्याने तो कार्यक्रम तेव्हा पाहिलाच नव्हता.

हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तू कुठे होतीस १९६८ मध्ये?’ मी चार वर्षांची होते. विषय तिथेच संपला.

निक्सनवरून मात्र मी एकदा बाजी मारली. निक्सनला प्रेसने छळलं, असं त्यांचं ठाम मत. मी म्हटलं, तुमच्या निक्सनने आमच्यावर जहाज पाठवलं होतं. डिसेंबर १९७१. दादरच्या चाळीत खिडक्यांना काळे कागद, मोटारींचे दिवे अर्धे रंगवलेले, आणि मोठी माणसं ‘सातवं आरमार’ असा शब्द हळू आवाजात बोलायची. अणुशक्तीवर चालणारं विमानवाहू ‘एंटरप्राइज’ बंगालच्या उपसागराकडे निघालं होतं. निक्सन आणि किसिंजर वर वर तटस्थ असल्याचं सांगत होते. आतल्या बैठकांत मात्र पाकिस्तानकडे झुकायचे हुकूम सुटत होते, आणि हे जगाला कळलं ते जॅक अँडरसन नावाच्या स्तंभलेखकाने बैठकांची गुप्त टिपणंच छापली म्हणून. त्याला १९७२ चं पुलित्झर मिळालं. व्हाइट हाऊसच्या लेखी तो देशद्रोहाच्या जवळपासचा उद्योग होता. दादरच्या चाळीच्या लेखी ती एका अमेरिकन माणसाने आमच्याबद्दल सांगितलेली पहिली खरी गोष्ट होती. आप्पांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ‘जहाज? तुमच्यावर? कशासाठी?’ असं त्यांनी विचारलं, आणि मी अर्धा तास बांगलादेश समजावून सांगितला. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, ‘हे टीव्हीवर का नाही सांगितलं?’

आता इराक, जिथे सगळे फासे उलटे पडतात.

व्हिएतनामनंतर उजव्यांनी पाठ केलेला धडा होता की प्रेस मुळातच युद्धविरोधी असते. आणि २००२-०३ मध्ये तीच प्रेस युद्धाच्या वरातीत पुढे नाचली. न्यूयॉर्क टाइम्सने सद्दामच्या सर्वसंहारक अस्त्रांच्या बातम्या पहिल्या पानावर चालवल्या, आणि २६ मे २००४ ला संपादकांनी आपण पुरेसे चिकित्सक नव्हतो अशी कबुली छापली. वॉशिंग्टन पोस्टने त्याच ऑगस्टमध्ये आपलं परीक्षण केलं, की शंका घेणाऱ्या बातम्या आपण आतल्या पानांवर ढकलत होतो. उजव्यांनी ज्यांना तीस वर्षं लाल म्हणून हिणवलं त्यांनीच उजव्या सरकारच्या युद्धाला खांदा दिला. यातून पक्षपाताचा कुठला सिद्धान्त काढायचा?

मला स्वतःला उत्तराचा धागा सापडतो तो नाइट रिडर या साखळीच्या वॉशिंग्टन कचेरीत. जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे तिथले दोन बातमीदार महिनोन् महिने लिहीत होते की अस्त्रांचा पुरावा कच्चा आहे, खुद्द गुप्तचर खात्यातलेच लोक कुरकुरत आहेत. त्यांना मोठ्या साहेबांच्या मुलाखती मिळत नव्हत्या, म्हणून ते मधल्या फळीतल्या, फाइली हाताळणाऱ्या लोकांशी बोलत. त्यांचा प्रमुख जॉन वॉलकॉट याचं म्हणणं असं, की इतरांची पोरं युद्धावर पाठवणाऱ्यांसाठी आम्ही लिहीत नव्हतो, ज्यांची पोरं पाठवली जातात त्यांच्यासाठी लिहीत होतो. नाइट रिडरची वृत्तपत्रं मध्यम शहरांतली, काही तर लष्करी तळांच्या गावांतली. वॉशिंग्टनमध्ये त्यांचा पेपर मिळतच नसे, म्हणून त्या बातम्या खऱ्या असूनही कुणाच्या कानावर गेल्या नाहीत. २००६ मध्ये ती साखळी विकली गेली.

पक्षपात डावा की उजवा हे मी आता आधी विचारत नाही. बातमी देणारा कुठे राहतो आणि कुणाला भेटतो ते विचारते. अमेरिकेत युद्धाच्या बातम्या देणारे आणि युद्धावर जाणारे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली, तेव्हापासून तर नाहीच. इथून पूर्वेला वॉटर्लू नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात एकाच जहाजावरचे पाच सलिव्हन भाऊ गेले ते तिथले. तिथल्या नॅशनल गार्डची १३३ वी पायदळ बटालियन इराकमध्ये होती. म्हणजे महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायत करणारे शिक्षक, मेकॅनिक, शेतकऱ्यांची मुलं. २००७ च्या जानेवारीत बुशने जादा फौज पाठवायचं ठरवलं तेव्हा त्यांचा परतीला आलेला मुक्काम आणखी चार महिन्यांनी लांबला. आप्पांचा मोठा नातू त्यात होता. त्या चार महिन्यांत त्यांच्या स्वयंपाकघरातला टीव्ही दिवसभर उजव्यांच्या फॉक्स न्यूजवर असायचा आणि आप्पांची बायको मधूनच उठून आवाज बंद करायची. चित्रं चालू, आवाज बंद. फॉक्सवर तेव्हा सगळं छान चाललं होतं. सीएनएनवर सगळं बुडालं होतं. नातू नेमका ज्या रस्त्यावर ताफ्यांच्या राखणीला होता, त्या रस्त्याबद्दल दोन्हीकडे कधी अवाक्षर निघालं नाही.

आणि इथे पुन्हा ब्यूकॅनन. अ‍ॅग्न्यूचं भाषण लिहिणारा, १९९६ मध्ये आयोवाच्या कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभांत, बॉब डोलच्या अगदी मागोमाग दुसरा आलेला. या माणसाने १९९० पासून आखाती युद्धाला विरोध केला, आणि २००२ मध्ये इराकच्या ऐन तयारीत ‘द अमेरिकन कन्झर्व्हेटिव्ह’ हे पाक्षिकच सुरू केलं, जे या युद्धाच्या विरोधात उभं राहिलं. बदल्यात २००३ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ने, म्हणजे उजव्यांच्या स्वतःच्याच मुख्य नियतकालिकाने, त्याला आणि रॉबर्ट नोव्हाकसारख्या जुन्या जाणत्याला देशाकडे पाठ फिरवलेले ठरवून वाळीत टाकलं. लेख लिहिला होता बुशच्या माजी भाषणलेखकाने, डेव्हिड फ्रमने. भाषणं लिहिणाऱ्यांची ही भांडणं फार कडवट असतात बुवा.

‘युद्ध म्हटलं की उजवे पुढे’ हे आमच्या मंडळातलं समीकरण इतकं कच्चं आहे. इथला जुना उजवा हा मुळात घरकोंबडाच. १९४० मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या कर्नल मॅकॉर्मिकने अमेरिकेने युरोपच्या युद्धात पडू नये म्हणून रान उठवलं होतं, आणि १९४९ मध्ये सेनेटर टाफ्टने नाटोच्या विरोधात मत दिलं होतं. शीतयुद्धाने या मंडळींना चाळीस वर्षं गप्प केलं, एवढंच. फेब्रुवारी २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या वादसभेत ट्रम्पने इराक ही घोडचूक होती असं बुशच्या भावासमोर तोंडावर सांगितलं. सभागृहाने हुर्यो केली, सगळ्या पंडितांनी हा माणूस आता संपला म्हणून सांगितलं, कारण ते लष्करी परंपरेचं राज्य. आठवड्यात त्याने ते राज्य जिंकलं. आप्पा त्या रात्री मला म्हणाले होते, ‘माझ्या नातवाला विचारलं असतं तर त्याने तुम्हाला आधीच सांगितलं असतं.’

जून २०२५ मध्ये इराणवर बॉम्ब टाकायचे की नाही यावरून उजव्यांच्या रेडिओ-पॉडकास्टमध्ये जी हमरीतुमरी झाली, ती याच जुन्या भांडणाची पुढची फेरी. उजव्यांचाच निवेदक टकर कार्लसनने रिपब्लिकन सेनेटर टेड क्रूझला विचारलं, इराणची लोकसंख्या किती? क्रूझला सांगता आली नाही. चार दिवसांत बॉम्ब पडले. ती चित्रफीत आप्पांनी मला दाखवली आणि दोनदा दाखवली. एखाद्या रिपब्लिकनला दुसऱ्या उजव्याने असं धारेवर धरलेलं पाहून त्यांना जो आनंद झाला, तो एनबीसीच्या कुठल्या बाईने हाच प्रश्न विचारला असता तर झाला नसता. मी हे बोलून दाखवलं. ‘अर्थातच नसता,’ ते म्हणाले. निदान प्रामाणिक आहेत.

त्यांच्या बाजूच्या माध्यमांबद्दल मात्र मला दया नाही. १९९६ मध्ये फॉक्स न्यूज निघालं ते मूठभर न्यूयॉर्कवाल्यांची मक्तेदारी मोडायला. त्याचं मुख्यालय मॅनहॅटनच्या सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवर, एनबीसीच्या बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर. २०१६ पर्यंत ते चालवणारा रॉजर एल्स हा निक्सनचाच टीव्ही सल्लागार. २०२० च्या निवडणुकीच्या रात्री फॉक्सच्या आकडेवारीवाल्यांनी अ‍ॅरिझोना बायडनला दिलं, सगळ्यांच्या आधी आणि बरोबर. प्रेक्षक चिडून दुसऱ्या चॅनलकडे पळायला लागले, आणि मग मतमोजणीच्या यंत्रांत घोटाळा झाल्याच्या गोष्टी पडद्यावर यायला लागल्या. डॉमिनियन या यंत्रांच्या कंपनीने खटला भरला, तेव्हा त्यांच्याच निवेदकांचे आपापसातले निरोप बाहेर आले: या गोष्टींवर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता, भीती होती ती प्रेक्षक जाण्याची. एप्रिल २०२३ मध्ये तडजोड झाली, ७८ कोटी ७५ लाख डॉलर. अ‍ॅग्न्यूच्या काळातला बातमीदार आपल्या वर्गाच्या कलाने बोलत असेल, हे गिऱ्हाइकाच्या कलाने बोलले. दुसरं जास्त वाईट आहे, असं माझं मत. आप्पांचं म्हणणं, दोन्ही सारखेच चोर, पण एक चोर निदान आमच्या गावच्यासारखा बोलतो.

आयोवातही मागच्या निवडणुकीत असाच एक प्रकार झाला. अ‍ॅन सेल्झर या डे मॉइन रजिस्टर या वृत्तपत्रासाठी मतचाचण्या घ्यायच्या, आणि देशभर त्यांचा शब्द प्रमाण मानला जायचा. २०१६ आणि २०२० मध्ये त्यांनी शेवटच्या चाचणीत ट्रम्पला सात गुणांची आघाडी दिली. इतर लोक चुरस सांगत होते, आणि सेल्झर जवळपास अचूक ठरल्या. तेव्हा आप्पांच्या लेखी ती राज्यातली एकमेव प्रामाणिक बाई होती. नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या शनिवारी त्यांनी हॅरिसला तीन गुणांनी पुढे दाखवलं, आणि ट्रम्प तेराच्या आसपास फरकाने जिंकला. चाचणी चुकली, फारच चुकली. डिसेंबरात ट्रम्पने सेल्झर आणि रजिस्टर दोघांवर खटला भरला. चूक आणि कट यांत फरक उरला नाही की काय होतं ते असं. चुकीला जागाच राहत नाही. गॅलपच्या पाहणीत वृत्तमाध्यमांवर बऱ्यापैकी विश्वास असल्याचं १९७६ मध्ये बहात्तर टक्के लोक सांगत, २०२४ मध्ये एकतीस. रिपब्लिकनांतले बारा.

आप्पांची धाकटी बहीण स्टॉर्म लेकला राहते, पश्चिमेला, ब्यूना व्हिस्टा काउंटीत. तिथे आर्ट कलन नावाचा संपादक आठवड्यातून दोनदा निघणारा पेपर चालवायचा, खप तीन हजारांच्या घरात. शेतातलं नायट्रेट नदीत उतरतं म्हणून डे मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने तीन काउंट्यांवर खटला भरला. त्या काउंट्यांच्या वकिलांचे पैसे बड्या शेती कंपन्या आणि संघटना गुपचूप कसे भरतायत, हे याच्या पेपरने खणून काढलं. त्यावरच्या अग्रलेखांना २०१७ चं पुलित्झर मिळालं. काउंटी ट्रम्पची, संपादक डावीकडचा, आणि लिहिलं होतं ते शेतकऱ्यांना सलणारं. तरी लोक तो वाचत राहिले. आप्पांच्या बहिणीला कारण विचारलं तर म्हणाली, त्याची मतं गाढवासारखी आहेत, पण काउंटीच्या बैठकीला तो स्वतः येऊन बसतो.

असे पेपर झपाट्याने जातायत. २००५ पासून अमेरिकेत तीन हजारांवर वृत्तपत्रं बंद झाली. आप्पांच्या गावचं साप्ताहिक अजून निघतं, म्हणजे नावाला. मालक आता दुसऱ्या राज्यात, गावातली कचेरी कुलूपबंद. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या सर्वात धाकट्या नातवाने कुस्तीचा जिल्ह्याचा सामना जिंकला आणि पेपरने विजेता म्हणून दुसऱ्याच शाळेच्या पोराचं नाव छापलं. आप्पांनी फोन लावला. मशीनने उचलला, वर्गणीसाठी एक दाबा, जाहिरातीसाठी दोन, मयताच्या बातमीसाठी तीन. चूक कळवायचं बटणच नव्हतं. त्यांनी तीन दाबलं. पलीकडच्या मुलीने अत्यंत अदबीने विचारलं, ‘कोण वारलं?’

‘तुमचा पेपर,’ असं म्हणून त्यांनी फोन आपटला, आणि तो सगळा प्रसंग सांगायला आमच्याकडे आले. मी चहा टाकला. साप्ताहिकाची वर्गणी त्यांनी यंदाही भरली आहे. शेतीच्या लिलावांच्या नोटिसा दुसरीकडे कुठे येत नाहीत.